घर विकायला काढण्याआधी

पुण्यात, ठाण्यात, नाशिकला किंवा मुंबईच्या उपनगरात राहता फ्लॅट विकायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. हॉलला कोणता रंग द्यायचा, स्वयंपाकघरातल्या टाइल्स बदलायच्या का, दारं पॉलिश करायची का. हे सगळं करावं, पण नंतर. रीसेलचा व्यवहार भिंतीच्या रंगावरून क्वचितच मोडतो. तो मोडतो खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलानं काढलेल्या एखाद्या शेऱ्यावरून. घर पसंत पडलेलं असतं, भाव ठरलेला असतो, विसारही दिलेला असतो, आणि मग कळतं की पहिल्या मालकाचा बिल्डरशी झालेला मूळ करार सापडत नाही, किंवा शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव आहे. खरेदीदाराच्या कर्जमंजुरीला मुदत असते, त्याच्या भाड्याच्या घराचा करार संपत आलेला असतो. तो महिनाभर थांबतो, फार तर दोन महिने. मग दुसरं घर बघतो.

घर लवकर आणि चांगल्या भावात विकलं जावं असं वाटत असेल, तर खरेदीदाराच्या मनात शंका येण्याआधीच तिचं उत्तर तयार ठेवावं. सजावटीपेक्षा या तयारीनं जास्त पैसे हाती पडतात. शंका आली की गिऱ्हाईक एक तर निघून जातं किंवा भाव पाडून मागतं.

सुरुवात करारांच्या साखळीपासून करावी. घर बिल्डरकडून पहिल्यांदा कोणी घेतलं, त्याच्याकडून कोणी घेतलं, आणि आजच्या मालकाकडे ते कसं आलं, हे सांगणारा प्रत्येक करार लागतो. व्यवहारात याला ‘चेन’ म्हणतात. प्रत्येक कराराबरोबर नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा गोषवारा, हवा. मधला एखादा करार हरवला असेल, तर पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद करणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढणं ही तीन कामं करावी लागतात. ती अवघड नाहीत, पण त्यांना आठवडे लागतात. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे आठवडे फार महाग पडतात.

जुन्या इमारतींत आणखी एक प्रश्न हमखास निघतो. फ्लॅटच्या साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क आकारण्याची तरतूद महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून लागू झाली. त्याआधीचे कितीतरी करार पाच रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झालेले आहेत आणि ते त्या काळाच्या नियमांना धरूनच होते. त्यानंतरच्या एखाद्या करारावर मात्र शुल्क कमी भरलं गेलं असेल, तर फरकाच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढत जातो. असा करार मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून नियमित करून घेता येतो. हे काम विक्रेत्यानं आपण होऊन केलं, तर खर्च नेमका किती येतो ते कळतं. खरेदीदाराच्या वकिलानं ते शोधून काढलं, तर तो अंदाजानं मोठी रक्कम धरतो आणि ती भावातून वजा करतो.

भोगवटा प्रमाणपत्राचं, म्हणजे ओसीचं, महत्त्व मुंबईकरांना वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडनं शिकवलं. परवानगीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवलेल्या त्या इमारतींत लोक पंचवीस-तीस वर्षं राहत होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ च्या जून महिन्यात महापालिकेनं तिथलं पाणी, वीज आणि गॅस तोडला. तेव्हापासून गिऱ्हाईक घर बघायला आलं की ओसीची चौकशी करतंच. सोसायटीकडे प्रत नसेल तर महापालिकेच्या इमारत परवानगी विभागात अर्ज करावा, गरज पडल्यास माहिती अधिकार वापरावा. ओसी मुळातच नसेल, तर ते लपवू नये. सोसायटीनं त्यासाठी काय प्रयत्न केले त्याचे कागद दाखवावेत आणि भावही त्यानुसार ठेवावा.

केवळ कुलमुखत्यारपत्रावर किंवा नोटरीसमोर केलेल्या करारावर घेतलेल्या घराचा प्रश्न याहून गंभीर आहे. अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. असं घर विकायला काढण्यापूर्वी मूळ मालकाला गाठून नोंदणीकृत दस्त करून घेणं हाच मार्ग आहे. मूळ मालक वृद्ध असेल तर एक दिवसही दवडू नये.

यापुढचा भाग बहुतेक कुटुंबांत नाजूक असतो. वडिलांच्या किंवा आईच्या नावावरचं घर भावंडं मिळून विकतात, तेव्हा “नॉमिनी मीच आहे, सही माझी एकट्याची पुरेल” असं एखाद्याला मनापासून वाटत असतं. तसं नाही. सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार नॉमिनीला सोसायटीत तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी वारसांकडेच राहते. त्यामुळे सगळ्या वारसांनी विक्रीच्या करारावर सह्या करायच्या किंवा आपला हक्क एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडायचा, हे आधी ठरवावं. लग्न होऊन गेलेल्या मुलींचाही हक्क तेवढाच असतो. “ताईची सही नंतर घेऊ” या एका वाक्यानं कितीतरी व्यवहार न्यायालयात गेले आहेत. वारसांत अज्ञान मूल असेल तर न्यायालयाची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. पैसे कसे वाटून घ्यायचे तेही गिऱ्हाईक येण्याआधी कागदावर उतरवावं. भाव समोर आल्यावर मतभेद वाढतात, आणि खरेदीदाराला घरात दोन तट दिसले की तो पाय मागे घेतो.

गोव्यात हा मुद्दा आणखी वेगळा आहे. तिथे लागू असलेल्या नागरी संहितेप्रमाणे लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. कागदावर नाव एकाचं असलं तरी विक्रीला दोघांची सही लागते. वडिलोपार्जित घराची वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या न्यायालयीन प्रक्रियेतून झाली आहे का, हेही खरेदीदार पाहतो. मुंबईत राहून पेडण्यातलं किंवा डिचोलीतलं गावाकडचं घर विकणाऱ्यांनी तिथल्याच वकिलाकडे जावं.

भावंडांपैकी कोणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असेल, तर तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी. तिथे केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीकडून साक्षांकित आणि अपोस्टील करून किंवा भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावं लागतं, आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. याखेरीज अनिवासी विक्रेत्याच्या पैशातून खरेदीदाराला बराच जास्त कर कापावा लागतो. ही कपात प्रत्यक्ष नफ्याच्या हिशेबानं व्हावी यासाठी प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला मिळतो. मात्र तो पैसे हातात पडण्याआधी घ्यावा लागतो. नाहीतर जास्त कापलेली रक्कम परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते.

घरावर कर्ज असेल तर घर विकता येत नाही हा गैरसमज आहे. बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी मागून घ्यावी. खरेदीदाराची बँक ही दोन्ही पत्रं बघून शिल्लक रक्कम थेट विक्रेत्याच्या बँकेला देते आणि उरलेली विक्रेत्याला. कर्ज कधीच फिटलेलं असूनही कागद बँकेतच पडून असण्याचे प्रकारही कमी नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम माहीत असलेल्या ग्राहकाचं काम लवकर होतं.

आता सोसायटी. मेंटेनन्सची थकबाकी, जुना वाद, परवानगी न घेता बंद केलेली बाल्कनी, यातलं काहीही असेल तर कमिटीला एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, रोखायला निमित्त मिळतं. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी आवश्यक नाही. विक्रेत्यानं १५ दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. पण खरेदीदाराच्या बँकेला एनओसी हवी असतेच, आणि तसा अर्ज आला की कमिटीनं महिनाभरात निर्णय घ्यायचा असतो. म्हणून वादात शिरण्यापेक्षा आधीच थकबाकी चुकती करून ‘नो ड्यूज’चा दाखला घ्यावा. हस्तांतरणाच्या अधिमूल्याचंही तसंच. राज्य सरकारनं २००१ साली त्यावर मर्यादा घातली. महापालिका क्षेत्रात ती जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. ‘विकास निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी याहून जास्त रक्कम मागितली जाते. पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली अशी वसुली अमान्य केली. ही माहिती विक्रेत्यानं नम्रपणे पण लेखी मांडावी.

पार्किंगबद्दल मात्र विक्रेत्यांनी स्वतःकडेही कठोरपणे बघायला हवं. “पार्किंग विकत घेतलंय, फ्लॅटबरोबर मिळेल” असं सांगून लाखांनी भाव वाढवला जातो. स्टिल्टमधलं किंवा मोकळं पार्किंग बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं. अशी जागा सोसायटीची सामाईक असते आणि तिचं वाटप सोसायटी करते. जागा आपल्या नावे वाटलेली आहे का, आणि घर विकल्यावर ती नव्या सभासदाला मिळते की पुन्हा सोसायटीकडे जाते, हे कमिटीकडून लेखी घ्यावं. ताब्याच्या दिवशी पार्किंगवरून भांडण होण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

जमिनीचा प्रकारही तपासून ठेवावा. नवी मुंबईत बहुतांश ठिकाणी जमीन सिडकोकडून भाडेपट्ट्यानं मिळालेली असते, हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही. सरकारी जमिनीवरच्या, म्हणजे भोगवटादार वर्ग-२ च्या, सोसायट्यांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे शुल्क कोण भरणार ते भाव ठरवतानाच बोलून घ्यावं. सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे होणं, झालेलं असेल, निदान मानीव अभिहस्तांतरण झालेलं असेल, तर ते जाहिरातीत ठळक सांगावं. पुनर्विकासाच्या आशेनं जुनं घर घेणारा खरेदीदार त्याला मोठी किंमत देतो.

कागद जागेवर आले की भावाचा प्रश्न. इथेच सर्वाधिक घरं अडकतात.

डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टन शहरातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी तेजीत चढ्या भावानं घर घेतलं होतं, त्यांनी मंदीतही शेजारच्या तशाच फ्लॅटपेक्षा जास्त भाव लावला. कारण एकच, घेतलेल्या भावाखाली विकणं त्यांना सोसवत नव्हतं. त्यांना थोडा जास्त भाव मिळालाही, पण त्यांची घरं विकायला बराच जास्त वेळ लागला. आपल्याकडेही हेच घडतं. खरेदीचा भाव, वर भरलेलं व्याज, फर्निचरचा खर्च, मुलाच्या परदेशी शिक्षणाला लागणारी रक्कम, असं सगळं मिळवून भाव ठरवला जातो. खरेदीदाराला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. तो फक्त एवढंच बघतो की याच रस्त्यावर, याच क्षेत्रफळाचा, याच वयाच्या इमारतीतला दुसरा फ्लॅट कितीला मिळतोय.

तो ‘दुसरा फ्लॅट’ विक्रेत्यानं स्वतः शोधावा. संकेतस्थळांवर दिसणारे भाव हे मागण्याचे भाव असतात, व्यवहार त्याखाली होतात. खरा आकडा इंडेक्स टूमध्ये असतो, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेत तो कोणालाही बघता येतो. आपल्या इमारतीतले आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले व्यवहार काढावेत. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप ते नीट पाहावं, कारण जुन्या करारांत बहुधा बिल्टअप लिहिलेलं असतं आणि आजचा खरेदीदार कार्पेटवर हिशेब करतो. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट मिळतात. बँकेचा मूल्यांकनकार घर स्वतः मोजणार आहे, त्यामुळे जाहिरातीतला आकडा त्याच्या आकड्याशी जुळायला हवा. जोडीला सरकारी रेडी रेकनरचा दरही बघून ठेवावा. खरेदीदाराला मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष भाव आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर भरावं लागतं. सरकारी मूल्य भावापेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त असलं, तर विक्रेत्याचा करही सरकारी मूल्यावरच मोजला जातो.

खरेदीदार एकूण खर्च बघून निर्णय घेतो, हे महाराष्ट्रानं २०२० साली अनुभवलं. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर राज्य सरकारनं मुद्रांक शुल्काचा मूळ दर सप्टेंबर ते डिसेंबर या काळासाठी ५ वरून २ टक्क्यांवर आणला आणि त्या डिसेंबरात मुंबईतल्या नोंदणी कार्यालयांत दस्तांची रीघ लागली. घरांचे भाव तेच होते, खिशातून तातडीनं काढायची रक्कम कमी झाली होती. हे ध्यानात घेतलं की भावाचा काही भाग रोख मागण्याची सवय विक्रेत्याला किती नडते ते कळतं.

पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट घेऊ. सगळा व्यवहार चेकनं झाला, तर खरेदीदाराला बँक ८० टक्के म्हणजे ६४ लाखांपर्यंत कर्ज देऊ शकते. त्याला स्वतःचे १६ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे साधारण २२ लाख उभे करावे लागतात. आता विक्रेत्यानं १५ लाख रोख मागितले आणि करार ६५ लाखांचा केला असं धरू. कर्ज ५२ लाखांवर येतं. खरेदीदाराला १३ लाख, वर रोख १५ लाख आणि शुल्काचे पावणेपाच लाखांच्या वर, म्हणजे जवळजवळ ३३ लाख जमवावे लागतात. पगारदार माणसाजवळ एवढी शिल्लक क्वचितच असते. घर तेच, भाव तोच, पण ते घेऊ शकणारी माणसं थोडी उरतात. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड विक्रेत्याला होऊ शकतो. रोखीचा हट्ट सोडणं हा घर लवकर विकण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. प्रामाणिकपणाचा मुद्दा तर आहेच.

खरेदीदार स्त्री असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ८० लाखांवर ते ८० हजार होतात. पती-पत्नी मिळून घर बघायला आले असतील तर ही गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. सवलत घर स्त्रीच्या एकट्या नावावर घेतल्यावरच लागू होते, एवढं स्पष्ट सांगावं.

एजंट घ्यावा का? वेळ नसेल, गाव परकं असेल, विक्रेता एकटा किंवा वृद्ध असेल, तर जरूर घ्यावा. दलाली साधारण १ ते २ टक्के असते. मात्र त्याचं हित कशात आहे ते ओळखून घ्यावं. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हरसन यांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंटांनी स्वतःच्या मालकीची घरं विकली तेव्हा ती बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवली आणि त्यांना ३.७ टक्के जास्त भाव मिळाला. दुसऱ्याचं घर विकताना मात्र पहिल्या बऱ्या मागणीला होकार देण्याचा त्यांचा सल्ला असायचा. एजंट वाईट असतो असा याचा अर्थ नाही. दोन लाख जास्त मिळाले तर त्याच्या वाट्याला त्यातले दोन-चार हजार येतात, त्यासाठी तो आणखी थांबायला तयार नसतो, इतकंच. म्हणून शेवटचा भाव विक्रेत्यानं आपल्या माहितीवर ठरवावा आणि दलालीचा टक्का, ती कधी द्यायची आणि जीएसटी वेगळा का, हे लिहून घ्यावं. एकाच घराची जाहिरात पाच एजंटांनी पाच भावांनी टाकली, तर घर कोणाला तरी घाईनं काढायचंय असं बघणाऱ्याला वाटतं.

आता रंग. भिंतीवर ओल असेल तर आधी तिचं मूळ शोधावं. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर, बाहेरच्या भिंतीतली चीर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, यांपैकी काय आहे ते प्लंबरकडून तपासून दुरुस्त करावं आणि पावती जपून ठेवावी. पोपडे खरवडून वरवर रंग मारला तर कोकणपट्टीतल्या दमट हवेत एका पावसाळ्यात डाग परत येतो. रीसेलची घरं बघून बघून सरावलेली माणसं ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला की तिथेच हात लावून बघतात. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्याचं घर तर भर पावसात दाखवावं. कोरडं छत बघून गेलेलं गिऱ्हाईक भावासाठी फार ताणत नाही.

बाकी कामं थोड्या पैशांत होणारी आहेत. गळके नळ, लटकलेले स्विच, करकरणारी दारं, तुंबणारं बेसिन दुरुस्त करावं. माळ्यावरचं आणि पलंगाखालचं सामान निम्मं काढून टाकावं, खोल्या आपोआप मोठ्या दिसतात. खिडकीतली कबुतरांची घाण, बाल्कनीतल्या रिकाम्या कुंड्या, दाराबाहेरचा चपलांचा ढीग हटवावा. फोटो सकाळच्या उजेडात, पडदे सारून काढावेत. नवं मॉड्युलर किचन बसवून त्याचा खर्च भावात वसूल होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. नवा मालक बहुधा आपल्या आवडीनं ते पुन्हा करणारच असतो. भाडेकरू असेल तर घर रिकामं करून विकणं बरं. राहता भाडेकरू घर दाखवायला नाखूष असतो आणि खरेदीदाराला ताब्याची धास्ती वाटते.

घर दाखवताना माणसं अर्धवट बोलतात, ते टाळावं. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट कितीदा बंद पडते, शेजारी शाळा असल्यानं सकाळी रस्ता अडतो का, हे विचारलं तर खरं सांगावं. हे सगळं वॉचमन पाच मिनिटांत सांगतोच. विक्रेत्याचं आणि त्याचं उत्तर जुळलं, की विक्रेत्याच्या उरलेल्या बोलण्यावरही विश्वास बसतो.

काळवेळही बघावी. पितृपक्षात बहुतेक मराठी खरेदीदार व्यवहार करत नाहीत, तो पंधरवडा कागदपत्रांसाठी वापरावा. दसरा, दिवाळी, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी चौकशा वाढतात. रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलला जाहीर होतात, म्हणून मार्चमध्ये नोंदणीची घाई असते. शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांना जूनआधी ताबा हवा असतो. त्यांच्यासाठी घर जानेवारी-फेब्रुवारीतच बाजारात आलेलं बरं.

भाव ठरला की तोंडी शब्दावर राहू नये. विसारपावतीत एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, कर्ज मंजूर न झाल्यास विसाराचं काय, ताबा कधी, घरातल्या कोणत्या वस्तू राहणार, सोसायटीचं शुल्क कोण भरणार, हे सगळं असावं. पंखे आणि गिझर यांच्यावरून कडवटपणा आलेले व्यवहार खूप आहेत, यादी केली की तो टळतो. मूळ कागद खरेदीदाराच्या हाती देताना प्रत्येक कागदाची नोंद असलेली पोच घ्यावी. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नये, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो.

शेवटी कर. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापून भरतो. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते. ८० लाखांच्या घरात ८० हजारांऐवजी १६ लाख. ज्येष्ठ विक्रेत्यांनी ही जोडणी जाहिरात देण्यापूर्वी तपासावी.

घर दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचं असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत, महागाईचा हिशेब न धरता १२.५ टक्के किंवा तो धरून २० टक्के. २००४-०५ मध्ये १५ लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकलं, तर पहिल्या पद्धतीनं कर सव्वाआठ लाखांच्या आसपास येतो आणि दुसऱ्या पद्धतीनं सहा लाखांच्या. दोन्ही गणितं करून बघावीत. एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. नफ्यातून विक्रीआधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात दुसरं राहतं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्या प्रमाणात कर वाचतो. सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवण्याची सोय वेगळी आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नवं घर ठरलं नसेल तर रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात ठेवलेली चालत नाही. म्हणून चार्टर्ड अकाउंटंटची भेट विसार घेण्याआधी घ्यावी. अनिवासी भावंडाचा कमी कपातीचा दाखला, २००१ चं मूल्यांकन आणि नव्या घराच्या खरेदीचा क्रम ही कामं तेव्हाच सुरू करावी लागतात.